पात्याचं पाणी जोखताना

मराठीत मोत्यालाही पाणी असतं आणि विळ्यालाही. मोत्याचं पाणी म्हणजे त्याची झळाळी. ते पाहताक्षणी दिसतं आणि मोत्याचा भाव ठरवताना ते बघतात. विळ्याचं पाणी म्हणजे लोहाराने लालभडक पातं पाण्यात बुडवून त्यात आणलेला कठीणपणा. तो दिसत नाही, गवताच्या पेंढीला विळा भिडला की कळतो. डोंगरात, जंगलात किंवा शेतावर न्यायचा स्वस्त चाकू घेताना गिऱ्हाईक बहुतेकदा पहिलं पाणी बघून दुसऱ्याचा अंदाज बांधतं. पातं चकचकीत आहे, म्हणजे चाकू चांगला असणार. हा अंदाज फार वेळा चुकतो.

म्हणून पात्याकडे बघूच नये असं मात्र नाही. पोलाद कसं तापवलं, पातं कसं घासलं, मूठ कशी बसवली, या प्रत्येक कामाची खूण चाकूवर राहते. महाग चाकूवर कारागीर या खुणा तासन् तास बसून पुसतो. स्वस्त चाकूवर त्या पुसायला कुणाला वेळ नसतो. त्यामुळे त्या वाचायला शिकायचं तर स्वस्त चाकूच बरा.

त्यासाठी स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. डालार्ना प्रांतात सिल्यान सरोवराच्या उत्तर टोकाला मोरा वसलं आहे आणि त्याच्याजवळ ओस्टनूर नावाचं खेडं. अमेरिकेत काम करून परतलेल्या फ्रोस्ट्स-एरिक एर्सन यांनी १८९१ मध्ये या ओस्टनूरमध्ये कारखाना काढला, तो ओंडके वाहणाऱ्या, बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्लेजगाड्यांचा. चाकू हे जोडकाम होतं. पुढे स्लेजगाड्या मागे पडल्या आणि चाकू उरले. १९१२ मध्ये त्याच खेड्यात के. जे. एरिक्सन यांचा दुसरा कारखाना उभा राहिला. एका गावात दोन चाकूवाले, अशी कित्येक दशकं गेली. २००५ मध्ये दोन्ही कारखाने एक झाले आणि २०१६ पासून कंपनीचं नाव मोराक्नीव असं झालं.

या कारखान्याचा ‘कम्पॅनियन’ नावाचा चाकू आज जगभरचे सुतार, कोळी, स्काउट आणि गिर्यारोहक वापरतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या पाठपिशव्यांतही तो दिसतो. पातं साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड. मूठ प्लास्टिकची, पकडीसाठी वर रबराचा थर. म्यानही प्लास्टिकचं. पहिल्यांदा हातात घेणारा थोडा खट्टू होतो. पात्याची पाठ गुळगुळीत केलेली नाही. पात्याच्या अंगावर आरशासारखी चमक नाही. मुठीवर साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण बोटाला लागते. महाग वस्तूत जे बघायची डोळ्यांना सवय असते, त्यातलं इथे काहीच नाही.

मग धारेकडे बघावं.

मोराच्या चाकूच्या धारेची घडण साधी असते. पातं वरून खाली बरंच अंतर सपाट येतं आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजूंनी एकच उतार थेट धारेपर्यंत जातो. या घडणीला स्कँडिनेव्हियन किंवा थोडक्यात ‘स्कँडी’ म्हणतात. दोन्ही उतारांमधला कोन २३ अंशांच्या आसपास धरला, तर अडीच मिलिमीटर जाडीच्या पात्यावर प्रत्येक बाजूचा उतार सुमारे सहा मिलिमीटर रुंद दिसतो. आता समजा घासताना धार मध्यावरून अवघी ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन कागदांच्या जाडीइतकी, एका बाजूला सरकली. मग एका बाजूचा उतार सात मिलिमीटर होतो आणि दुसऱ्या बाजूचा जेमतेम पाच. हाताला न जाणवणारी चूक डोळ्यांना दहापट मोठी होऊन दिसते. दोन्ही बाजूंच्या उताराची रुंदी हे चाकूच्या मालकाला फुकट मिळालेलं भिंगच आहे.

म्हणून स्वस्त चाकू हाती आला की पहिलं काम हे: पातं दिव्याखाली आडवं धरायचं, एका बाजूचा उतार मुठीपासून टोकापर्यंत बघायचा, मग पातं उलटून दुसरा. दोन्ही बाजूंना उतार जिथे सुरू होतो ती रेष सरळ हवी. टोकाकडे पातं वळतं तिथे उतार थोडा रुंद होणं चालतं, कारण तिथे घासणाऱ्याला पातं हातात फिरवावं लागतं. मधेच रेष आत-बाहेर नागमोडी गेली असेल, तर पातं दगडावर एका दाबाने फिरलेलं नाही. दोन बाजूंमध्ये एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सगळीकडे सारखाच असेल, तर ती फार काळजीची गोष्ट नाही; घरी धार लावताना तो हळूहळू भरून निघतो. एका बाजूला रुंद, मधे अरुंद, पुन्हा रुंद असा उतार मात्र दगडावर सरळ बसत नाही. तो सरळ करायला बरंच पोलाद घालवावं लागतं.

अंगठ्याने धार चाचपणं ही बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते. तिच्यातून फारसं कळत नाही. कारखान्यातून आलेल्या धारेवर पुष्कळदा एक फसवी कोर राहिलेली असते. दगडावर घासताना पोलाद इतकं पातळ होतं की कडेचा पापुद्रा दुसऱ्या बाजूला वळतो. वर्कशॉपमध्ये या पापुद्र्याला ‘बर’ म्हणतात. अंगठ्याला हा बर करकरीत धारदार लागतो आणि कागदही झरकन कापतो. पण चार ओल्या काटक्या तासल्या की तो मोडून पडतो आणि खालची बोथट कड उघडी पडते. दुकानात धारदार वाटलेला चाकू पहिल्याच मुक्कामी बोथट होतो तो यामुळे.

बर पकडायचा सोपा मार्ग म्हणजे कापसाचा बोळा. तो पात्याच्या अंगावरून धारेकडे, म्हणजे धारेवरून बाहेर पडेल अशा दिशेने, हलकेच ओढावा. जिथे बर असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. एकाच बाजूला अडकले, तर बर त्या बाजूला वळला आहे. दुसरी परीक्षा प्रकाशाची. धार वर करून दिव्याखाली धरावी आणि थेट तिच्याकडे बघावं. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, कारण परत फेकायला तिथे सपाटी उरलेलीच नसते. बोथट जागा मात्र पांढऱ्या रेघेसारखी चमकते आणि खाच असेल तर ठिपक्यासारखी. हे बघायला पाच सेकंद पुरतात, पण स्वस्त चाकूबद्दल याच्याइतकं सांगणारी दुसरी परीक्षा क्वचितच असेल.

मुठीजवळ धार जिथे संपते तो कोपराही नीट बघावा. यंत्राचा दगड मुठीला टेकू नये म्हणून बरेच कारखाने शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बोथट सोडतात. त्याने काही बिघडत नाही. पण एका बाजूला धार मुठीपर्यंत आली आणि दुसऱ्या बाजूला चार मिलिमीटर आधीच थांबली, तर पातं यंत्रात तिरकं बसलं होतं असं समजावं. काटकी तासताना सगळ्यात जास्त जोर याच जागी लागतो, म्हणून इथली हयगय हाताला रोज जाणवते.

आता दुसऱ्या पाण्याकडे वळावं लागतं. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. हिऱ्याचं शंकूच्या आकाराचं टोक ठरावीक भाराने पृष्ठभागात दाबायचं आणि ते किती खोल गेलं ते बघायचं. मोराचे स्टेनलेस चाकू या मापात ५६ ते ५८ च्या दरम्यान असतात, साध्या कार्बन पोलादाचे त्याहून थोडे वर. स्टेनलेससाठी वापरलं जाणारं, मूळचं सँडविकचं १२सी२७ हे पोलाद तसं साधंच आहे: ०.६ टक्के कार्बन आणि १३.५ टक्के क्रोमियम. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, म्हणजे गंजाला अटकाव करायला इथे ते पुरेसं आहे आणि कठीण व्हायला कार्बनही पुरेसा आहे. अगदी स्वस्त चाकूंत बऱ्याचदा ०.३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद येतं. ते गंजत नाही आणि सुंदर चकाकतं, पण धार धरत नाही. पात्यावर फक्त ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच कोरलेलं असेल आणि कोणतं पोलाद हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर त्या गाळलेल्या माहितीकडेही लक्ष द्यावं.

घरी रॉकवेलचं यंत्र नसतं, पण कानस असते. कानशीचं पोलाद चाकूपेक्षा कठीण असतं. मुठीजवळच्या पाठीवर, जिथे ओरखडा दिसणार नाही अशा जागी, कानस हलकेच फिरवावी. नीट पाणी दिलेल्या पात्यावर ती काचेवर फिरल्यासारखी घसरते, फार तर किंचित पकडते. साध्या खिळ्यावर फिरवल्यासारखा भुसा पडायला लागला, तर ते पोलाद मऊ आहे. या परीक्षेला एक अपवाद आहे आणि तो पुढे विळ्याच्या गोष्टीत येईल.

पाण्याची आणखी एक खूण डोळ्यांना दिसते, पण ती लपवलीही जाते. पोलादाला आधी लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करतात. त्याने ते काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. कार्बन पोलादाच्या चाकूसाठी ही दुसरी आच साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पातं स्वच्छ असेल तर या तपमानाला त्यावर फिकट गवती पिवळा रंग चढतो, २५० च्या पुढे तपकिरी, ३०० च्या जवळ निळा. आता असं बघा, हे सगळं नीट पार पडलं, पण शेवटी धार लावताना कामगाराने कोरड्या दगडावर घाईने पातं दाबलं. धारेची कड कागदाहून पातळ असते. तिथली उष्णता जायला जागा नसते आणि क्षणात तिचं तपमान ३०० च्या वर जातं. त्या कडेचं पाणी तिथल्या तिथे उतरतं. टोकाजवळ किंवा धारेलगत निळसर, जांभळट छटा दिसली, तर हेच घडलेलं असतं. स्टेनलेसवर हे रंग जास्त तपमानाला उमटतात, त्यामुळे तिथे तर निळा रंग आणखीच वाईट बातमी.

रंग चमक आणणाऱ्या मऊ चाकावर, म्हणजे बफावर, एका फेरीत पुसला जातो. मऊ झालेली कड पुसली जात नाही. नव्या चाकूची धार टिकत नाही म्हणून तो अडगळीत टाकणाऱ्यांनी आधी तीन-चार वेळा दगडावर नीट धार लावून बघावी. जळालेलं पोलाद वरच्या थरापुरतंच असेल, तर त्याखालून चांगलं पोलाद वर येतं आणि तोच चाकू अचानक धार धरू लागतो. भट्टीत तापवताना पात्याच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो, हेही त्यामागचं एक कारण असतं. अनेक स्वस्त चाकू पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात चांगले वाटतात, ते उगाच नाही.

पातं एकदम थंड करताना आणखी एक खोड करतं: ते वाकतं. पातळ पात्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित आधी थंड झाली, तर तेवढंही पुरतं. म्हणून पातं डोळ्यांसमोर धरून, बंदुकीने नेम धरावा तसं, मुठीकडून टोकाकडे पाठीवरून बघावं. पाठ, टोक आणि मूठ एका रेषेत यायला हवी. टोक केसभर डावीकडे असेल तर भाजी चिरताना काही फरक पडत नाही. मधेच पोटात वाक असेल, तर ते पातं दगडावर कधीच पूर्ण टेकणार नाही.

चमक, काळा लेप आणि नक्षी यांच्याबद्दल इथे थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त भुलतं ते यांना. बफाच्या मऊ चाकावर पातं चमकवणं हे पातं नीट घासण्यापेक्षा स्वस्त काम आहे. खडबडीत घासलेलं पातं थेट बफावर नेलं, की ओरखड्यांच्या कडा गोल होतात आणि पातं चकाकतं. ओरखडे मात्र तळाशी तसेच राहतात. अशा पात्यात खिडकीची चौकट बघावी. चौकटीच्या रेषा सरळ दिसल्या तर पातं खरोखर सपाट आहे. पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या हलल्या, तर चमकेखाली उंचसखलपणा आहे. बफ आणखी एक पुरावा नष्ट करतो: उतार सुरू होण्याची ती स्पष्ट रेष. तीक्ष्ण असायला हवी ती कड साबणाच्या वडीसारखी गोलावलेली दिसते.

काळा लेप वाईट नाही. पावसाळी जंगलात तो पात्याच्या अंगाला गंजापासून वाचवतो. पण धार उघडीच राहते, म्हणून ‘काळा आहे, गंजणार नाही’ हे अर्धंच खरं. शिवाय रंगाच्या थराखाली घासण्याच्या सगळ्या खुणा झाकल्या जातात. लेप असलेल्या पात्यावर परीक्षा करायची ती उघड्या उताराची, कारण तेवढाच भाग खरं बोलतो. आणि ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाण्याच्या लाटांसारख्या नक्षीबद्दल एवढंच: खऱ्या थरांच्या पोलादात त्या लाटा पाठीवरून वळून दुसऱ्या बाजूला जातात, कारण थर आरपार असतात. लेझरने किंवा आम्लाने वरवर काढलेली नक्षी पाठीजवळ येऊन थांबते.

खडबडीत अंग दिसायला वाईट, एवढाच प्रश्न नसतो. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. खोल ओरखड्यांत घाम, मीठ, आंब्याचा चीक अडकून राहिला, की तो थर तिथे टिकत नाही आणि लालसर ठिपके सुरू होतात. कोकणच्या किनाऱ्यावर, खाऱ्या दमट हवेत, स्टेनलेस चाकूही गंजतो. घासण्याच्या बारीक आडव्या रेघा चालतात. नख अडकेल इतके खोल ओरखडे चालत नाहीत.

याहूनही महत्त्वाची जागा मुठीच्या आत असते आणि ती विकत घेताना दिसत नाही. पात्याची शेपटी मुठीत जिथे शिरते, तिथे रुंद पातं एकदम अरुंद होतं. तो कोपरा काटकोनात कापलेला असेल, तर वाकवताना सगळा ताण त्या एका टोकावर गोळा होतो आणि चाकू बरोब्बर तिथे मोडतो. कोपऱ्याला छोटी गोलाई दिली तर ताण पसरतो. शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत जाते की मधेच थांबते, यावर चाकूवाले तासन् तास वाद घालतात. कम्पॅनियनची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, तरी तो वर्षानुवर्षं काम देतो. ओंडके फोडायला दुसऱ्या लाकडाने त्याच्या पाठीवर ठोकत बसणाऱ्याने मात्र त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये; ते कोयत्याचं काम आहे. आतलं दिसत नाही म्हणून बाहेरून एवढं करता येतं: पातं कापडात धरून मूठ तळव्यावर हलकेच आपटावी. बारीकसा ‘खट’ जाणवला, तर शेपटी आत हलते आहे. पातं आणि मूठ यांच्यातल्या फटीत पातळ कागद शिरला, तर पाणीही शिरणार.

कम्पॅनियनच्या पाठीची गोष्ट इथे सांगायला हवी. ती पूर्ण घासलेली नाही, कडा बोथट आहेत. अंगठा टेकवून लाकूड कोरणाऱ्याला ते सुखाचं जातं. पण चकमकीच्या सळईवर पाठ घासून ठिणगी पाडू पाहणाऱ्याची निराशा होते, कारण त्या कामाला पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण लागते. मोराच्याच ‘गारबर्ग’ या महाग चाकूची पाठ त्यासाठी मुद्दाम घासलेली असते. कम्पॅनियन घेणारे कित्येक जण घरी पाठ घासून काटकोनात आणतात. तेव्हा पाठ न घासणं हा दोष की काटकसर, हे चाकू कशासाठी घेतला यावर ठरतं. कारखान्याने इथे हात आखडला, तो वाचलेला पैसा धारेच्या घासणीत आणि पोलादाच्या पाण्यात दिसतो. ज्या चाकूची पाठ आरशासारखी आणि धार नागमोडी, तिथे हिशेब उलटा झालेला असतो.

लाकडी मुठीचा हिशेब वेगळा. फ्रान्सच्या सावोआ प्रांतात, आल्प्सच्या डोंगरात, अवजारं घडवणाऱ्या घराण्यातल्या जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडीचा एक साधा चाकू बनवला. १८९७ पर्यंत तो १ ते १२ क्रमांकांच्या मापांत मिळू लागला. पुढे १ आणि ११ बंद झाले, बाकीचे आजही बनतात. ८ क्रमांकाचं साडेआठ सेंटिमीटरचं पातं सर्वांत जास्त ओळखीचं. बीच लाकडाची मूठ, पातं, एक पिन, एक पक्कं बसवलेलं कडं आणि एक फिरणारं कडं, एवढेच त्याचे भाग. पातं उघडल्यावर मिटू नये म्हणून फिरवायचं ते कडं १९५५ मध्ये आलं.

ओपिनेल जोखताना धारेइतकंच लाकूड बघावं लागतं. पातं मिटून वरून पाहावं: ते मुठीतल्या खाचेच्या मधोमध बसतं की एका भिंतीला घासतं? घासत असेल तर धार रोज थोडी थोडी लाकडावर मरते. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात. आडव्या गेल्या तर खाचेजवळची पातळ भिंत चिरते. कडं दोन बोटांनी फिरलं पाहिजे, पण आपोआप सरकता कामा नये. उघडं पातं डावी-उजवीकडे हलवून बघावं, पिनेजवळ ढिलाई असेल तर ती पुढे वाढतच जाते.

आणि मग आषाढ येतो. लाकूड पाणी प्यायलं की लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं. खाचेच्या भिंती पात्याला दोन्हीकडून चिमटतात आणि चाकू उघडेनासा होतो. ओपिनेलवाल्यांना हे आल्प्सच्या पावसातही माहीत आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर आपटलं की पातं थोडं बाहेर येतं. फ्रेंच लोक या युक्तीला सावोआवाल्यांचा ठोका म्हणतात. सह्याद्रीत पावसाच्या दिवसांत हा चाकू नेणाऱ्याने आधीच घरी खाच बारीक पॉलिश पेपरने किंचित मोकळी करून जवसाचं तेल मुरवलं, तर हा त्रास बराच कमी होतो. लाकूड फुगतं हा दोष नाही. खाच दोन्ही बाजूंना सारखी कापलेली नसणं हा दोष आहे. पहिल्यावर उपाय आहे, दुसऱ्यावर नाही.

म्यानाकडे कुणी लक्ष देत नाही. चाकू म्यानात घालून उलटा धरावा आणि एक हलकासा झटका द्यावा. तो खाली पडला, तर कड्याच्या उतारावर केव्हातरी पडणारच. मग चाकू दहा वेळा काढ-घाल करून धार पुन्हा दिव्याखाली बघावी. म्यानाच्या तोंडाला पातं घासत असेल तर धारेच्या एकाच बाजूला चमकती रेघ उमटलेली असते. तळाशी पाणी निथळायला भोक असलेलं बरं. कातडी म्यान दिसायला देखणं, पण ते ओलावा आणि कातडं कमावताना वापरलेली द्रव्यं धरून ठेवतं. पावसाळ्यात चाकू त्यात कायमचा ठेवला तर पात्यावर डाग पडतात.

आता विळा. महाराष्ट्रात गावोगावी पाल ठोकून काम करणारे घिसाडी आणि गावातले लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून विळे-कोयते घडवतात. कमानपाट्याचं पोलाद मुळात स्प्रिंगसाठी बनलेलं, म्हणजे चिवट. कोयत्याच्या अंगावर हातोड्याचे घाव दिसतात, पाठीवर भट्टीची काळी खपली तशीच असते, मुठीजवळ कानशीचे ओरखडे असतात. मोराच्या चाकूला लावलेली दिसण्याची कसोटी इथे लावली, तर कोयता पहिल्याच फेरीत बाद. पण कसबी लोहार पातं सगळंच पाण्यात बुडवत नाही. धारेकडचा भाग तेवढा बुडवतो, पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू देतो आणि रंग पाहून पुन्हा बुडवतो. धार कठीण, पाठ मऊ. फांदीवर आपटला तर धार टिकते आणि पाठ धक्का सोसते. कानशीच्या परीक्षेतला अपवाद हाच: अशा पात्याच्या पाठीवर कानस भुसा पाडणारच, ती धारेलगत फिरवून बघायची असते. कोयत्याच्या काळ्या अंगावर, धारेपासून काही अंतरावर, कधीकधी एक पुसट वळणदार सीमा दिसते. ती पाण्याची पातळी होती.

मोराच्या यंत्रांनी केलेलं आणि लोहाराने भात्याजवळ केलेलं काम एकच आहे, फक्त खुणा निराळ्या राहतात. शेतकरी कोयता घेताना हातोड्याचे घाव मोजत नाही. तो वजनाचा तोल बघतो, धारेवरून तिरकी नजर टाकतो, दांड्याची मूठ हलते का बघतो, पातं वाजवून नाद ऐकतो. भेग असेल तर नाद बद्द येतो. स्वस्त चाकू घेणाऱ्या शहरी भटक्याला या परीक्षा नव्या वाटतात, पण बाजारच्या दिवशी त्या नेहमीच घडत असतात.

शेवटची परीक्षा घरी आणि थोड्या वेळाने होते. पहिल्यांदा धार लावायला बसताना दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने शाई फासावी. निसणा ओला करून पातं उतारावर सपाट टेकवावं आणि चार-पाच वेळा सारख्या दाबाने फिरवावं. मग बघावं. जिथली शाई गेली तिथे दगड टेकला. जिथे राहिली तिथे उतार खोल गेलेला आहे. चांगल्या घासलेल्या पात्यावर शाई जवळजवळ सगळीकडून एकदम जाते, फार तर टोकाच्या वळणावर एक काळी चंद्रकोर राहते. घाईत घासलेल्या पात्यावर ती बेटाबेटांनी राहते: मुठीजवळ एक, मध्यावर एक, टोकाशी एक. बेटं छोटी असतील, तर दोन-तीन वेळा धार लावण्यात ती विरून जातात आणि त्यानंतर पातं दगडावर टेकवलं की हाताला त्याची सपाटी आपोआप सापडते. हा चाकू मग कोणत्या दुकानातून, किती रुपयांना आणला, याला फारसा अर्थ उरत नाही. त्याचा उतार आता मालकाच्या हाताने घासलेला असतो.